जिगचे माप पात्यावरून घ्यावे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरगुती टेबल सॉवर (टेबलातून गोल पाते वर येणाऱ्या करवतीवर) फिंगर जॉईंटसाठी, म्हणजे बोटांसारख्या एकमेकांत अडकणाऱ्या सांध्यासाठी, जिग, म्हणजे फळी दर वेळी नेमक्या जागी धरणारा साचा, कशी तयार करावी, याविषयीचा सचित्र लेख नुकताच प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रात सुतारकामाला अर्धे पान मिळणे दुर्मीळ असल्यामुळे तो मी आनंदाने वाचला आणि वाचून झाल्यावर हे पत्र लिहायला बसलो. आयुष्यभर आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवल्यामुळे चूक दिसली की खडू उचलण्याची खोड अजून गेलेली नाही. लेखातील मापे वाचकांनी जशीच्या तशी उतरवून घेतली, तर त्यांचे सांधे बसणार नाहीत. आणि सोबतच्या छायाचित्रात दिसते तशी मांडणी कोणी केली, तर सांध्याआधी बोटांची काळजी करावी लागेल.

प्रथम मापांविषयी. पाते तीन मिलिमीटरचे धरून खुंटी (आधी पाडलेली खाच जिच्यावर बसते, ती जिगवरची पट्टी) तीन मिलिमीटरची करावी आणि ती पात्यापासून तीन मिलिमीटरवर बसवावी, असे लेखात सांगितले आहे. परंतु पात्याची पोलादी चकती पातळ असते, तिच्या कडेला डाखलेले कार्बाइडचे दात तिच्यापेक्षा रुंद असतात आणि शाफ्टमध्ये किंचित जरी लचक असली, तरी लाकडात पडणारी चीर दातांच्याही रुंदीपेक्षा मोठी होते. शिवाय २५४ मिलिमीटर, म्हणजे दहा इंची पात्याची चीर तीनच्या आसपास, तर ११० मिलिमीटरच्या लहान पात्याची दोनच्या आसपास असते. त्यामुळे छापील आकडा बाजूला ठेवून आपल्याच यंत्रावर, आपल्याच पात्याने टाकाऊ फळीत एक खाच पाडावी आणि शिसवीची किंवा सागाची खुंटी रंधून रंधून त्या खाचेत बसवावी. ती बोटाच्या दाबाने आत जावी, पण फळी उलटी केल्यावर गळून पडू नये. खुंटी सैल राहिली, तर प्रत्येक वेळी फळी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे टेकते आणि ही लहानशी ढिलाई खाचेगणिक साठत जाऊन दहाव्या-बाराव्या बोटापाशी उघडी पडते.

जिगचे काम तसे सरळ आहे. पहिली खाच पाडायची, ती खुंटीवर बसवायची, दुसरी पाडायची, ती खुंटीवर बसवायची, असे फळी संपेपर्यंत. खाचेची रुंदी पाते ठरवते आणि बोटाची रुंदी खुंटी व पाते यांमधले अंतर ठरवते. सांधा ठोकल्याशिवाय बसत नसेल, तर बोटे जाड झाली आहेत, असे समजून खुंटी पात्याकडे सरकवावी. सांधा खुळखुळत असेल, तर ती पात्यापासून दूर न्यावी. आपल्या लेखात हे नेमके उलटे छापले गेले आहे. ती मुद्रणातील चूक असावी, असे मी मानतो. मात्र तेवढ्या एका शब्दापायी एखादा हौशी वाचक रविवारची पूर्ण दुपार खुंटी चुकीच्या दिशेने सरकवत बसेल. सरकवण्याचे प्रमाणही सांगायला हवे होते. वहीचा साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. खुंटीच्या पट्टीशेजारी एक ठोकळा क्लॅम्पने आवळावा, दोघांच्या मध्ये कागद ठेवावा, मग कागद काढून पट्टी ठोकळ्याला भिडवावी, म्हणजे एका कागदाएवढी दुरुस्ती होते. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम भागते, कारण बोट ०.१ मिलिमीटरने जाड असले की सांधा सगळ्या बोटांवर एकाच वेळी अडतो. पांढऱ्या गोंदातल्या पाण्याने लाकूड थोडे फुगते, म्हणून कोरडा सांधा हाताने दाबून बसेल इतपतच घट्ट ठेवावा. आलटून-पालटून तिरक्या दातांच्या पात्याने खाचेच्या तळाशी दोन बारीक टोकदार चरे राहतात. ते नको असतील, तर सपाट दातांचे पाते घ्यावे.

ही जिग ज्या स्लेडवर, म्हणजे टेबलावर पुढेमागे सरकणाऱ्या पाटावर, बसवायची, तिच्या काटकोनाविषयी लेखात एकच वाक्य आहे, ‘गुण्या लावून तपासावे’. काटकोन तपासणारा हा गुण्या स्वतः खरा आहे का, हे आधी पाहावे लागते आणि तो खरा असला, तरी त्याच्या दोनशे मिलिमीटरच्या पात्याशेजारी डोळ्याला दिसणार नाही एवढा फरक पेटीच्या झाकणाला मात्र दिसतो. आम्ही विद्यार्थ्यांकडून पाच कापांची परीक्षा करून घेत असू. सुमारे ४०० मिलिमीटर चौरस प्लायचा तुकडा स्लेडवर ठेवून एक बाजू कापायची, कापलेली बाजू फेन्सला, म्हणजे स्लेडवरच्या उभ्या आधारपट्टीला, टेकवून पुढची कापायची, असे चारही बाजूंना करून पाचव्या कापाला पहिल्याच बाजूची साधारण इंचभर रुंद पट्टी काढायची. तिची दोन्ही टोके व्हर्नियरने मोजायची. एक टोक २५.६ आणि दुसरे २४.८ भरले, तर ०.८ चा फरक हा एका कापाच्या चुकीच्या चौपट असतो, म्हणजे स्लेड ४०० मिलिमीटरला ०.२ ने चुकते आहे. चूक चौपट होऊन समोर येते, हीच या रीतीची खुबी. मग फेन्सचा एक स्क्रू ढिला करून दुसऱ्या टोकाला तेवढा कागद घालायचा आणि परीक्षा पुन्हा घ्यायची.

टेबलाच्या खोबणीत सरकणाऱ्या स्लेडखालच्या पट्ट्या सागाच्या कराव्यात, हा लेखातील सल्ला सांगली-सोलापूरकडे चालून जाईल. आमच्या कोकणात तो जून महिन्यात फसतो. मी स्वतः केलेल्या पहिल्या स्लेडच्या पट्ट्या जानेवारीत लोण्यासारख्या सरकत होत्या आणि मृग लागल्यावर खोबणीत अशा अडकल्या की स्लेड ठोकून बाहेर काढावी लागली. लाकूड दमट हवेत लांबीला जवळजवळ वाढत नाही, आडव्या रेषेत मात्र फुगते आणि खोबणीच्या रुंदीत दोन दशांश मिलिमीटर वाढसुद्धा पुरेशी होते. ॲल्युमिनियमची पट्टी किंवा स्वयंपाकघरातल्या जाड प्लास्टिकच्या कटिंग बोर्डमधून कापलेली पट्टी वापरावी. तळाला उरलेला सनमायका चिकटवला, तर स्लेड आणखी हलकी चालते.

खरे तर खोबणी असलेला टेबल सॉ आपल्याकडे फार थोड्यांजवळ असतो. बहुतेक लहान वर्कशॉपमध्ये टेबलाच्या फळीखाली मार्बल कटर (फरशी कापायचे हातयंत्र) उलटा आवळून त्याला लाकडाचे ११० मिलिमीटरचे पाते लावलेले दिसते. अशा टेबलासाठी स्लेडच्या पट्ट्या टेबलाच्या बाहेरच्या कडेला घासून चालवता येतात. ती कड सरळ रंधलेली असली म्हणजे झाले. अशा कटरच्या मिनिटाला बारा ते तेरा हजार फेऱ्या होतात, म्हणून पात्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा त्याहून कमी असेल, तर ते पाते तिथे लावू नये. आणि कटरचे बटण दाबून अडकवून ठेवलेले असल्यामुळे संकटात हात टेबलाखाली घालावा लागतो; समोर गुडघ्याने बंद करता येईल असा स्विच बसवून घ्यावा.

आता छायाचित्राविषयी. त्यात पात्यामागची पोलादी पाचर, जिला रिव्हिंग नाईफ म्हणतात, ती काढलेली आहे. आडवा काप घेताना फळी एका बाजूने स्लेडला आणि दुसऱ्या बाजूने टेबलावरच्या, पात्याला समांतर असलेल्या लांब फेन्सला टेकलेली आहे. आणि कारागिराचा अंगठा जिगच्या मागे, पाते जिथून बाहेर पडते नेमका तिथे आहे. या तीन चुकांपैकी पहिल्या दोन एकत्र आल्या, की कापलेला तुकडा पाते आणि फेन्स यांच्यात अडकतो, मागचे वर येणारे दात त्याला उचलतात आणि तो उभ्या माणसाच्या पोटाकडे येतो. २,८८० फेऱ्यांच्या मोटरला थेट जोडलेल्या दहा इंची पात्याच्या दाताचा वेग सेकंदाला ३८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १३८ किलोमीटर असतो. आमच्या कार्यशाळेत असाच एक तळहाताएवढा तुकडा यंत्रासमोरच्या खिडकीची काच फोडून अंगणात पडला होता. त्या वेळी वाटेत कोणी नव्हते.

फिंगर जॉईंटची खाच आरपार नसल्यामुळे पात्यावरचे संरक्षक झाकण काढावेच लागते, हे मान्य. पण पात्याच्या माथ्यापेक्षा किंचित खाली ठेवलेली पाचर या कामातही राहू शकते. कारखाना कायदा, १९४८ खालील महाराष्ट्राच्या १९६३ च्या नियमांतही गोल करवतीमागे अशी पाचर असावी आणि ढकलण्याची काठी जवळ असावी, असे सांगितलेले होते. लहान वर्कशॉपना ते नियम बहुधा लागू होत नसत, म्हणून तिथे हे काम जिगनेच करायचे असते. कुसू (दुसऱ्या फळीच्या भोकात बसणारे टोक) कापण्यासाठी फळी उभी धरावी लागते, तेव्हा फेन्सवर घोड्यासारखी बसणारी जिग आधी तयार करावी. नुसत्या हाताने उभी फळी पात्यावर नेऊ नये.

आपणास विनंती आहे की, पुढील रविवारी त्याच जागी तीन दुरुस्त्या छापाव्यात: सांधा फार घट्ट होत असेल, तर खुंटी पात्याकडे सरकवावी, आडव्या कापाला लांब फेन्सचा आधार हवाच असेल, तर तिच्यावर पात्याच्या अलीकडे ठोकळा आवळावा, म्हणजे फळी पात्यापाशी पोहोचण्याआधीच त्यापासून सुटते, आणि जिगच्या पाठीमागे, पाते बाहेर पडते त्या जागी, अंगठ्याच्या लांबीहून जाड लाकडी ठोकळा स्क्रूने बसवून तो लाल रंगवावा. नवे छायाचित्र हवे असल्यास माझी जिग मी आनंदाने पाठवीन. तिचा ठोकळा दोनदा बदलून झाला आहे.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, चिपळूण