आराखडा आहे, पण इंजिन लागते का?

संपादक महाशय,

मे महिना लागला की जिल्हाधिकारी कार्यालयापासून नगरपालिकेपर्यंत मान्सूनपूर्व आढावा बैठका सुरू होतात. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, जेसीबी कोणाकडे, पोहणाऱ्यांची नावे कोणती, असे तक्ते भरले जातात. यात वस्तूंची मोजदाद होते. वस्तू चालते का आणि ती चालवणारा माणूस रात्री दोन वाजता किती मिनिटांत हजर होतो, याला तक्त्यात रकानाच नसतो. खानदेशातल्या शहरांची तयारी खरोखर तपासायची, तर हा रकाना आधी हवा.

बोटीचेच घ्या. तिचे इंजिन वर्षभर गोदामात पडून असते. कार्बुरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल उडून जाते, मागे चिकट थर उरतो आणि पेट्रोल सोडणाऱ्या जेटचे बारीक छिद्र बुजते. पुराच्या दिवशी दोरी ओढून ओढून हात भरून येतात, पण इंजिन लागत नाही. उपाय अगदी साधा आहे. महिन्यातून एकदा इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून ते दहा मिनिटे चालवावे. कोरडे चालवू नये, कारण थंडाव्याचे पाणी खेचणारा रबरी इम्पेलर जळतो. शेवटी पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडू द्यावे, म्हणजे कार्बुरेटर रिकामा होतो. तपासणाऱ्याने नोंदवही मागण्याआधी ‘सुरू करून दाखवा’ म्हणावे.

नियंत्रण कक्षाच्या जनरेटरचीही तीच गत. पाच मिनिटे रिकामा फिरवला की ‘चालू’ असा शेरा पडतो. खरी चाचणी म्हणजे मेन स्विच पाडून कक्षातले दिवे, वायरलेस, संगणक, सगळे त्याच्यावर किमान अर्धा तास चालवणे. ऐनवेळी दगा बहुधा स्टार्टरची बॅटरी देते, म्हणून ती बसवल्याची तारीख तिच्यावरच रंगवलेली असावी. आणि जनरेटर तळघरात असेल, तर पुरासाठी तो नाहीच असे धरावे.

धुळ्यात पांझरा शहराच्या मधून वाहते. वर अक्कलपाड्याचे धरण आहे. विसर्ग वाढला की ‘इतके हजार क्युसेक पाणी सोडले, नदीकाठच्यांनी सतर्क राहावे’ असा निरोप फिरतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर, पण काठावरच्या घरातल्या बाईला त्या आकड्यातून काय कळणार? तिला हवे ते हे की, एवढा विसर्ग झाला तर कोणता पूल बंद होणार, कोणत्या गल्लीत पाणी शिरणार आणि हातात किती तास आहेत. प्रत्येक टप्प्याच्या विसर्गाला पुलाच्या खांबावर किती उंची येते, त्याचा तक्ता पाटबंधारे विभाग आणि महापालिकेने मिळून करावा आणि तीच उंची खांबावर रंगवावी. निळी पूररेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या पुराची. या रेषा नकाशात आहेत, भिंतींवर नाहीत.

चाळीसगावने 31 ऑगस्ट 2021 ला दाखवून दिले की, धरणाचा निरोप येण्याची वाट पाहता येत नाही. डोंगराकडे रात्री पाऊस कोसळला आणि तितूर, डोंगरी नद्यांचे पाणी शहरात आणि गावांत घुसले. त्याच वेळी कन्नड घाटात दरडी पडून रस्ता बंद झाला. म्हणून मूल्यमापनात दोन प्रश्न हवेतच. वरच्या अंगाच्या पर्जन्यमापकाचा आकडा रात्री कोण बघतो? आणि मुख्य रस्ता तुटला तर मदत कोणत्या वाटेने येणार? राज्य आपत्ती प्रतिसाद दल धुळ्यात आहे, ही जमेची बाजू. पण वाट ठरलेली नसेल तर जवळचे दलही लांबच.

उष्णतेला मात्र आपण अजून आपत्ती मानत नाही. हवामान खात्याच्या निकषाने मैदानी भागात पारा 45 अंशांवर गेला की उष्णतेची लाट आणि 47 वर तीव्र लाट. जळगाव-भुसावळला ही लाट नवखी नाही. तिथे तपासायचे ते असे: उष्माघाताचा रुग्ण आला तर दवाखान्यात बर्फ आणि थंड पाण्याने अंग गार करण्याची सोय हाताशी आहे का? पहिला अर्धा तास मोलाचा असतो. आधी सलाईन आणि कागदपत्रे, मग गारवा, असा क्रम जिवावर बेततो. आणि जळगावचे पाणी वाघूर धरणावरून पंपाने येते. ऐन उन्हात वीज गेली तर पंप थांबतो, म्हणजे एका बिघाडातून दोन संकटे. टाकीत किती तासांचे पाणी शिल्लक राहते, हे वॉर्डनिहाय लिहिलेले असावे.

शहरांनी स्वतःला तपासण्यासाठी संयुक्त राष्ट्रांची एक गुणपत्रिका उपलब्ध आहे. प्राथमिक पातळीवर 47 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण. ती जरूर वापरावी, पण बेरीज मिरवू नये. 141 पैकी 100 गुण मिळाले आणि इशारा पोहोचवण्याला शून्य पडले, तर शहर नापासच आहे. शून्य कुठे पडले, ते आधी वाचावे.

शेवटचा मुद्दा कायद्याचा. आपत्ती व्यवस्थापन कायद्यातील 2025 च्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली. खानदेशात तिचा लाभ जळगाव आणि धुळ्यालाच मिळू शकतो. भुसावळसारखे रेल्वे जंक्शन, पूर सोसलेले चाळीसगाव, नंदुरबार, अमळनेर ही नगरपालिकांची शहरे बाहेर राहतात. त्यांच्यासाठी जिल्हा प्राधिकरणाने निदान वर्षातून एकदा, तारीख आधी न कळवता, रात्रीची रंगीत तालीम घ्यावी. भोंगा किती वाजता वाजला, पथक किती मिनिटांत पोहोचले, बोटीचे इंजिन कितव्या ओढीला लागले, हे तीन आकडे 7 जूनच्या आत नगरपालिकेच्या दारावरच्या फलकावर लावावेत.

– आपत्ती व्यवस्थापनाच्या क्षेत्रातील एक वाचक, जळगाव