तारखांची वही

म्हापसा, गोवा

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

विधी सेवा पॅनलवरून तुला फाशीच्या शिक्षेचं काम विचारलंय, हे कळलं. जरूर घे. मात्र पहिल्याच दिवशी तारखांची वही घाल. गोव्यात असं काम क्वचित येतं, त्यामुळे कचेऱ्यांनाही त्याची सवय नसते.

सुप्रीम कोर्टाने अपील फेटाळलं की फेरविचार याचिकेला ३० दिवस मिळतात. २०१४ पासून फाशीच्या प्रकरणात ती खुल्या कोर्टात ऐकतात. वेळ थोडा, पण तोंडी बोलता येतं. पुढच्या क्युरेटिव्ह याचिकेला, म्हणजे फेरविचारही फेटाळल्यावरच्या शेवटच्या याचिकेला, सीनियर वकिलाचं प्रमाणपत्र लागतं. ते ऐनवेळी मिळत नाही, कागद आधीच पोचव.

खरी मेहनत दयेच्या अर्जावर घे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४७२ प्रमाणे मुदत ३० दिवसांची, आणि ती निकालाच्या तारखेपासून नव्हे, तुरुंग अधीक्षकांनी कैद्याला कळवल्यापासून. म्हणून कोलवाळच्या तुरुंगात पहिल्या भेटीतच त्या कागदाची प्रत माग: कैद्याची सही किंवा अंगठा, खाली तारीख, आणि मजकूर कोणत्या भाषेत समजावला ते. कलमात अपील आणि फेरविचार दोन्ही शब्द आहेत, त्यामुळे मुदतीवर वाद होऊ शकतो. तू आधीचीच तारीख धर. अर्ज प्रथम राज्यपालांकडे. तिथे नाकारला तर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे.

अर्जात पुरावा पुन्हा लढवू नकोस. वय, घरची परिस्थिती, तुरुंगातलं वर्तन लिही. तुरुंगाच्या दवाखान्यातले मानसोपचाराचे केसपेपर लाव, औषधाचं नाव आणि मात्रेसकट. दया नाकारण्याआधीच एकांत कोठडीत ठेवलं असेल तर तेही मांड.

उशीर हा सगळ्यांत भक्कम मुद्दा. सुप्रीम कोर्टाच्या शत्रुघ्न चौहान प्रकरणात २१ जानेवारी २०१४ ला १५ जणांची फाशी जन्मठेपेवर आली, त्यात मोठं कारण हेच. पुण्याच्या २००७ च्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या बलात्कार-खून खटल्यात राष्ट्रपतींनी २०१७ मध्ये दया नाकारली, फाशीचं वॉरंट निघालं २०१९ मध्ये. मधली दोन वर्षं फाइल इकडून तिकडे फिरत राहिली आणि हायकोर्टाने शिक्षा ३५ वर्षांच्या कैदेवर आणली; डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं. म्हणून तक्ता कर: कागद कुठून निघाला, कुठे पोचला, किती दिवस पडून राहिला. कैद्यामुळे गेलेले दिवस वेगळ्या रकान्यात दाखव, नाहीतर सरकारी वकील त्यावरच बोट ठेवतील.

दया नाकारल्याचं लेखी कळवल्यानंतर किमान १४ दिवस जायला हवेत. वॉरंट कैद्याच्या हाती पडल्यावर पूर्ण १५ दिवस. तोंडी निरोप धरू नकोस. वॉरंट आलं की तो तक्ता आणि नकाराचं पत्र लावून पर्वरीला हायकोर्टात रिट याचिका आणि स्थगितीचा अर्ज एकत्रच दे. राष्ट्रपतींच्या आदेशावर अपील नाही असं कलम ४७२ सांगतं, तेव्हा रिटमध्ये भर उशिरावर आणि कार्यपद्धतीवर दे.

अधीक्षकांच्या सही-शिक्क्याचे चार-पाच वकालतनामे आत्ताच घेऊन ठेव. २०१५ मध्ये याकूब मेमनच्या अर्जावर सुप्रीम कोर्ट पहाटे तीननंतर बसलं होतं. त्या वेळी तुरुंगाचं दार कोण उघडणार?

निकालाची प्रमाणित प्रत मिळाली की शिक्षेवरची पानं मला पाठव. रविवारी बसून तक्ता भरू.

तुझा,
सदानंद