सुटे भाग मागवण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले आणि ते मी दोनदा वाचले. सहा वर्षे छपराखाली उभी असलेली, चार सिलेंडरची, साखळीऐवजी शाफ्टवर चालणारी टूरिंग मोटारसायकल तू अखेर घेतलीस याचा फार आनंद झाला. तिच्याबरोबर आलेली दुखणी वाचताना थोडे हसूही आले, कारण त्यांतली निम्मी मी माझ्या गाडीवर भोगून चुकलो आहे. तुझ्या मुख्य तक्रारी दोन. महामार्गाच्या वेगाने अर्धा-पाऊण तास चालवली की गाडी बंद पडते आणि दहा मिनिटे थांबले की काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते. शिवाय बॅटरी नवी असूनही आठवडाभर गाडी उभी राहिली की सेल्फ रडू लागतो. पत्राच्या शेवटी तू इग्निशन कॉइल (ठिणगीची वीज देणारी), रेग्युलेटर (बॅटरीकडे जाणारी वीज आवरणारा) आणि स्टेटर (इंजिन फिरताना ती वीज तयार करणारी गुंडाळी) मागवण्याची यादी दिली आहेस. ती यादी आज कुठेही पाठवू नकोस, एवढे सांगण्यासाठीच मी हे पत्र लिहायला बसलो आहे.

गाडी बंद पडते हे तू लिहिलेस, पण ती कशी बंद पडते ते लिहिले नाहीस, आणि सारे निदान तिथेच अडले आहे. पेट्रोल कमी पडून बंद पडणारी गाडी आधी सूचना देते: ती ओढ सोडते, गचके खाते, ॲक्सिलरेटर वाढवला तर उलट जास्त मरगळते, आणि त्या क्षणी चोक थोडा ओढला तर दोन-चार सेकंद पुन्हा जीव धरते. ठिणगी गेल्यामुळे बंद पडणारी गाडी मात्र चावी फिरवल्यासारखी एकदम गप्प होते. तुझ्या गाडीचा टॅकोमीटर, म्हणजे इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा काटा, केबलवर नसून विजेवर चालणारा असेल, तर आणखी एक खूण मिळेल. गाडी गिअरमध्ये असून चाकाच्या जोरावर इंजिन फिरत असताना टॅकोमीटरचा काटा एकदम शून्यावर पडला, तर त्याला इग्निशनकडून संदेश पोचत नाही असे समज. पुढच्या वेळी बंद पडताना रस्त्यावर लक्ष ठेवून जमेल तेवढी एक नजर त्या काट्याकडे टाक.

माझा पहिला संशय मात्र टाकीच्या झाकणावर आहे. पेट्रोल टाकीतून आपल्याच वजनाने खाली उतरते, आणि जेवढे उतरते तेवढी हवा झाकणातल्या बारीक छिद्रातून आत यावी लागते. सहा वर्षांच्या धुळीने, गंजाने किंवा पॉलिशच्या मेणाने ते छिद्र बुजले, तर टाकीत पोकळी तयार होते आणि कार्ब्युरेटरच्या वाट्या पुरेशा भरेनाशा होतात. हळू चालवताना पेट्रोलचा खप कमी असल्यामुळे झिरपून येणारी हवा पुरते. वेग वाढला की ती पुरत नाही. दहा मिनिटे थांबलास की तीच हवा सावकाश आत शिरते आणि गाडी सुरू होते. तुझी तक्रार या वर्णनाशी इतकी जुळते की कॉइलला हात लावण्याआधी एवढे एकच कर: गाडी बंद पडताच ती बाजूला घे आणि लगेच टाकीचे झाकण उघड. हवा आत ओढल्याचा आवाज झाला आणि गाडी त्याच मिनिटाला सुरू झाली, तर दुखणे सापडले. टाकीवर बांधायची बॅग तू वापरतोस का? माझ्या एका लांबच्या प्रवासात झाकण निर्दोष होते, पण बॅगेचा रबरी तळ नेमका त्या छिद्रावर दाबून बसला होता, आणि मी रस्त्याकडेला प्लग काढत बसलो होतो.

झाकण उघडून काहीच फरक पडला नाही, तर टाकीखालच्या कॉकमधली, म्हणजे पेट्रोलच्या तोटीतली, जाळी तपास. गंजाची बारीक भुकटी त्या जाळीवर गाळासारखी बसते आणि धार हळूहळू बारीक होत जाते. गाडी थंड असताना पाइप काढून पेट्रोल एका बाटलीत घे आणि धार अर्ध्या लिटरनंतरही तेवढीच राहते का ते पाहा. तुझा कॉक व्हॅक्यूमवर, म्हणजे चालू इंजिनच्या ओढीने, उघडणारा असेल, तर तो ‘प्राइम’वर केल्याशिवाय धार येणार नाही, हे लक्षात ठेव. त्याच कॉकचा रबरी पडदा फाटला असेल तर पेट्रोल गाडी उभी असतानाही व्हॅक्यूमच्या नळीतून इंजिनात उतरते, म्हणून ऑइलची काडी एकदा नाकाशी धरून पाहा. पेट्रोलचा वास आला, तर ऑइल बदलून कॉक दुरुस्त होईपर्यंत गाडी सुरूच करू नकोस.

या दोन्ही गोष्टी निर्दोष निघाल्या तरच ठिणगीकडे वळ. तिथेही कॉइलपेक्षा माझा रोख पिकअपवर राहील, म्हणजे इंजिनच्या झाकणामागे बसलेल्या आणि क्रँकची जागा ओळखून इग्निशनला खूण देणाऱ्या त्या लहानशा गुंडाळीवर. तिच्यातली बारीक तार थंडीत जोडलेली राहते आणि उष्णतेने फुगून तुटक होते, म्हणून थंड गाडीवर मीटर लावून ती निर्दोष दिसते. तिचा रोध थंड असताना मोज, मग केस वाळवायच्या यंत्राने तिला गरम करत पुन्हा मोज. आकडा एकदम वर पळाला किंवा मीटरने तार तुटल्याचे दाखवले, तर ती बदलायला हरकत नाही. रस्त्यावर ठिणगी पाहायची असेल तर जवळ एक जादा प्लग ठेव आणि तो इंजिनच्या धातूला टेकवून सेल्फ मार, पण सांडलेल्या पेट्रोलजवळ हा उद्योग करू नकोस.

आता बॅटरी. इथे मला माझ्याच मूर्खपणाची गोष्ट सांगावी लागेल. माझी गाडीही अशीच चार्जिंग सोडू लागली, तेव्हा मी आधी बॅटरी बदलली. महिन्याने तीच तक्रार आली, म्हणून रेग्युलेटर बदलला. तरीही सुधारणा होईना, तेव्हा ऑइल काढून, झाकण उघडून, जुनी गॅस्केट खरवडून नवा स्टेटर बसवला. या सगळ्यात तीन शनिवार-रविवार गेले. शेवटी नव्या स्टेटरच्या तीन पिवळ्या वायरी जोडताना गाडीकडच्या कनेक्टरवर टॉर्चचा उजेड पडला, आणि त्या पांढऱ्या प्लास्टिकचा एक कोपरा तपकिरी झालेला दिसला. मधली पिन काळवंडली होती आणि आपल्या खाचेत सैल हलत होती. तिच्यामागची वायर बोटभर लांबीपर्यंत वाळक्या काडीसारखी कडक झाली होती. म्हणजे इतके दिवस तीन फेजांपैकी एक फेज बॅटरीपर्यंत धड पोचतच नव्हता. जोड जरासा गंजतो, गंजामुळे रोध वाढतो, रोधामुळे तो तापतो आणि तापल्यामुळे आणखी गंजतो, अशी ती साखळी असते. काढलेला स्टेटर मी नंतर मोजला, तर तो अगदी ठणठणीत होता. तो अजून माझ्या कपाटात आहे.

म्हणून तू आधी मोज. रात्रभर गाडी उभी राहिल्यानंतर पूर्ण चार्ज बॅटरीवर 12.6 ते 12.8 व्होल्ट दिसायला हवेत, आणि सेल्फ मारताना ते साधारण 10 च्या खाली जाता कामा नयेत. इंजिन मिनिटाला तीन-चार हजार फेऱ्यांवर धरलेस की बॅटरीच्या टोकांवर सुमारे 13.8 ते 14.5 यावेत. त्याहून कमी आले तर लगेच रेग्युलेटरला दोष देऊ नकोस. इंजिन तसेच फिरते ठेवून हेडलाइट चालू ठेव, मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरे रेग्युलेटरमधून बाहेर येणाऱ्या धन वायरीवर लाव. या दोन्हींमध्ये फरक जवळजवळ दिसूच नये, 0.2 व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसला तर मधला एखादा कनेक्टर किंवा फ्यूजचा साचा तो खाऊन टाकत आहे. जुन्या काचेच्या फ्यूजच्या पितळी पकडी कालांतराने ढिल्या पडतात, त्या विशेष पाहा. हीच तपासणी ऋण बाजूलाही कर, कारण रेग्युलेटरची अर्थिंगची (ऋण बाजूची) जोड खराब असणे हे फार जुने दुखणे आहे. गंमत अशी की एका खराब जोडामुळे काही गाड्यांवर चार्जिंग कमी होण्याऐवजी जास्त होते: रेग्युलेटर बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्ट, ज्या वेगळ्या वायरीतून पाहतो त्याच वायरीत रोध असेल, तर त्याला दाब कमी दिसतो आणि तो 15 व्होल्टांच्या वर ढकलत राहतो. बॅटरी त्यात उकळून मरते आणि आपण तिच्या नावाने बोटे मोडतो.

तुझी बॅटरी मात्र उभ्या गाडीवर उतरते, त्यामुळे आणखी एक मोजमाप हवे. चावी बंद ठेवून बॅटरीची ऋण वायर सोड आणि ती वायर व बॅटरीचे टोक यांच्यामध्ये मीटर करंटवर लाव. घड्याळासाठी काही मिलिॲम्पिअर जात असतील तर ते क्षम्य आहे. पण 50 मिलिॲम्पिअर जात असतील, तर दिवसाला 1.2 ॲम्पिअर-तास गेले, आणि 14 ॲम्पिअर-तासांची बॅटरी सहा दिवसांत निम्मी रिकामी झाली. तुझा आठवड्याचा हिशेब नेमका असाच काहीसा दिसतो. मीटर असा लावलेला असताना सेल्फ दाबू नकोस, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. मी दोन घालवले आहेत. मग गाडीचे फ्यूज एकेक करून काढत जा, आणि ज्या फ्यूजला आकडा खाली येईल त्या वाटेवर शोध घे. आधीच्या मालकाने जादा दिवे, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर अशी जी भर घातली असेल आणि काळ्या टेपने गुंडाळून ठेवली असेल, ती सगळ्यात आधी सोडव.

कार्ब्युरेटरबद्दल तू जे लिहिले आहेस, म्हणजे सकाळी तीनच सिलेंडर बोलतात आणि चौथे उशिरा जागे होते, त्याचे मला आश्चर्य वाटत नाही. थंड गाडी सुरू करून अर्ध्या मिनिटाने प्रत्येक सायलेन्सर पाइपच्या तोंडाशी, इंजिनलगत, पाण्याचा एकेक थेंब टाक. जिथे थेंब चुरचुरत उडून जाणार नाही ते सिलेंडर झोपलेले आहे. बहुधा त्याच कार्ब्युरेटरचा पायलट जेट, म्हणजे मंद वेगाला पेट्रोल देणारी बारीक नळी, जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने बुजलेला असेल. त्याचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते, म्हणून त्यात पोलादी तार घालू नकोस. क्लीनरचा फवारा आणि दाबाची हवा पुरेशी होते. चारही कार्ब्युरेटर व्हॅक्यूम गेजवर जुळवण्याची घाई मात्र टाळ. आधी थंड इंजिनवर टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची, फट फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजून घे, कारण फट चुकलेली असताना कार्ब्युरेटर जुळवणे म्हणजे डळमळत्या तिपाईवर तराजू ठेवणे. टॅपेट वाजत नाहीत म्हणून इंजिन उत्तम आहे, असे तू मोठ्या कौतुकाने लिहिले आहेस. वाजणारा टॅपेट त्रास देतो. न वाजणारा, फट संपलेला टॅपेट एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह नीट बसू देत नाही आणि तो जाळतो. मला त्या शांततेचीच काळजी वाटते.

स्क्रू काढताना एक सावधगिरी बाळग. गाडी जपानी असेल, तर तिच्या फुलीच्या खाचेचे स्क्रू फिलिप्सचे नसून जपानी मापाचे आहेत. साध्या फिलिप्स पेचकसाने त्यांची डोकी गोल होतात, आणि मग ‘कार्ब्युरेटरचे स्क्रू फार मऊ होते’ असे आपण जगाला सांगत फिरतो. तो एक योग्य पेचकस आणि ठरावीक जोरानेच आवळणारा एक टॉर्क पाना, एवढी खरेदी मात्र आजच कर. क्लच ऑइलमध्ये बुडालेला असल्यामुळे इंजिन ऑइल घेताना डब्यावर जासो एमए (अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेले पाहा, आणि टायर बदलायला मागचे चाक निघेल तेव्हा शाफ्टच्या दातांना ग्रीस लावून घे.

टायर बदलावे लागतीलच. नक्षी नवीसारखी आहे, असे तू म्हणतोस. त्यांच्या बाजूवर डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी असलेले चार आकडे वाच. 3214 असेल तर तो टायर 2014 सालच्या 32 व्या आठवड्यातला आहे, आणि नक्षी कितीही खोल असली तरी सामानाने लादलेली गाडी मी त्याच्यावर चालवणार नाही. ब्रेक ऑइलही तसेच. ते हवेतले पाणी शोषते. ताज्या डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, तर पाणी मुरलेल्याचा 155 पर्यंत उतरलेला चालतो, आणि सहा वर्षांच्या ऑइलचा त्याहूनही खाली गेलेला असू शकतो. लांब उतारावर लिव्हर हँडलला टेकली, की हा फरक कळतो. ब्रेक सोडल्यावरही पुढचे चाक जड फिरते, असे तू ओझरते लिहिले आहेस. मास्टर सिलेंडरमधले (लिव्हरजवळच्या, ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या भागातले) परतीचे बारीक छिद्र बुजले असेल, नाहीतर रबरी नळी आतून फुगून ऑइल जाऊ देत असेल पण परत येऊ देत नसेल. हे काम मात्र बाकी सगळ्याच्या आधी कर. बंद पडलेली गाडी ढकलत आणता येते.

तेव्हा ब्रेकचे काम झाल्यावर पुढच्या पत्रात मला एवढेच कळव: झाकण उघडल्यावर काय झाले, काटा कसा पडला, आणि रात्रभर उभ्या, सेल्फ मारतानाच्या व चालू गाडीवरचे व्होल्ट आणि बंद गाडीवरचे मिलिॲम्पिअर असे चार आकडे किती आले. तुझी ती यादी मी माझ्या वहीत जपून ठेवली आहे. आकडे आले की तिच्यातले काय खोडायचे ते दोघे मिळून ठरवू.

तुझा मित्र