माळ्यावरच्या सीड्या आता टीव्हीवर लागतील

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार. कुरियरने एक छोटं पाकीट पाठवलंय, त्यात पेनड्राइव्ह आहे, आणि हेच पत्र प्रिंट काढून पण टाकलंय कारण बाबा मोबाईलवर लांबलचक मेसेज वाचत नाहीत, नुसता अंगठा पाठवून मोकळे होतात हे मला पक्कं माहितीय. दिवाळीत माळ्यावरून सीड्यांची जी पिशवी मी बंगलोरला घेऊन आले त्यातलं जवळजवळ सगळं आता तुमच्या हॉलमधल्या टीव्हीवर लागेल. आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, मावशीचं लग्न आहे, दादाचं लग्न आहे, आणि आई, आजीचे ते मोबाईलवर काढलेले तुकडे पण सापडलेत, त्याचं पुढे सांगते.

आधी बाबांचा प्रश्न. सीडीला साधा ओरखडा नाही तर टीव्ही का दाखवत नाही, आणि त्या दुकानवाल्याने पैसे घेऊन पेनड्राइव्हमध्ये एमपी४ करून दिलं तरी "फाइल सपोर्टेड नाही" का येतं. बाबा, त्याने एमपी४ केलंच नव्हतं हो! सीडीमध्ये एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असतं आणि त्यात डॅट नावाची फाइल असते, त्या पठ्ठ्याने ती जशीच्या तशी कॉपी केली आणि नावातलं शेवटचं डॅट पुसून एमपी४ लिहिलं, बास. हळदीच्या डब्यावर तिखटाचं लेबल चिकटवलं म्हणून आत तिखट येत नाही, तसलाच प्रकार. त्याच्याकडच्या कॉम्प्युटरवर ते चाललं असणार कारण व्हीएलसीसारखा प्लेअर नावाकडे फारसं बघत नाही, आत काय आहे ते तपासतो आणि चालवतो. टीव्हीला तेवढी अक्कल नसते. त्याला ठरावीक चार गोष्टी येतात आणि त्यात नाही बसलं की हात वर.

आता आत काय होतं तर एमपीईजी-१, म्हणजे १९९३ साली व्हिडिओ सीडीचे नियम ठरले तेव्हाची व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत. साध्या गाण्याच्या सीडीच्या स्पीडला चित्र पण बसवायचं म्हणून त्यांनी चित्र बारीक केलं, ३५२ गुणिले २८८, म्हणजे एका चित्रात साधारण एक लाख ठिपके. तुमच्या टीव्हीवर फुल एचडी म्हणजे वीस लाखाच्या वर ठिपके आहेत. म्हणून बाबा, ते "पूर्वी कसं क्लिअर दिसायचं" म्हणताय ना, पूर्वी पण तेवढंच दिसायचं, फक्त आपला टीव्ही २१ इंची होता आणि आपण पलीकडच्या भिंतीला टेकून बघायचो. एका सीडीत सव्वा तास, फार तर ऐंशी मिनिटं बसायची, म्हणून तर पिक्चरच्या दोन सीड्या यायच्या आणि दुसरी घालायला नेहमी मलाच उठवायचात.

सहस्रचंद्रदर्शनाचा भाग १ सुतासारखा निघाला. भाग २ ने मात्र घाम काढला. तुम्ही त्याच्यावर छान गोल कागद कापून चिकटवलाय आणि त्यावर अक्षर पण सुंदर आहे, पण त्या कागदाने सीडीचा तोल जातो आणि ती ड्राइव्हमध्ये थरथरायला लागते, वर आपण चमकणारी बाजू जपतो पण खरा नाजूक भाग लेबलच्या बाजूला असतो, तिथे चकाकीच्या थरावर नुसता पातळ लॅकर असतो. म्हणून प्लीज आता ते कागद ओढून काढायला जाऊ नका, थर पण निघून येईल. आणि व्हिडिओ सीडीत जास्त मिनिटं बसावीत म्हणून चूक दुरुस्त करायची जी जादा माहिती साध्या डेटाच्या सीडीत असते ती गाळलेली असते, त्यामुळे जरा कुठे वाचता आलं नाही की लगेच चित्राचे चौकोन चौकोन होतात. आजोबांना ओवाळताना ते तसे चौकोन दिसतात ते त्यामुळे. ऑफिसमधल्या एकाकडे फार जुना ड्राइव्ह होता, तो कसा कोण जाणे माझ्या नव्या ड्राइव्हपेक्षा कितीतरी बरं वाचत होता, त्याला लावून आयसोबस्टर नावाच्या प्रोग्रामने रात्रभर परत परत वाचायला लावलं तेव्हा बरंचसं आलं. तुलेचा एक तुकडा गेला तो गेलाच. तराजूत आजोबा बसतात इथपर्यंत आहे आणि मग एकदम पंगत सुरू होते, मध्ये काही सेकंद नुसती हिरवी पट्टी. ती मी कापली नाहीये, मुद्दाम ठेवलीय, नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल तुला झालीच नव्हती.

एकदा फाइल कॉम्प्युटरवर आली की पुढचं काम सोपं आहे, हँडब्रेक म्हणून प्रोग्राम आहे, फुकट आहे, त्यात फाइल टाकायची आणि एच.२६४ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या दुसऱ्या एका पद्धतीत, एमपी४ काढायचं. ही पद्धत २००३ सालची, म्हणजे आजकालच्या हिशोबात म्हातारीच, पण तिचा फायदा असा की तुमचा टीव्ही, आईचा फोन, मामाकडचा तो जाडा टीव्ही, दादाचा लॅपटॉप, सगळीकडे चालते. हिच्यानंतरची एच.२६५ आली २०१३ ला, तिने फाइल अजून लहान होते, दादा म्हणत होता तीच वापर, पण मामाच्या टीव्हीवर नाही लागली तर परत फोन मलाच येणार. जागा काय, पेनड्राइव्ह हल्ली स्वस्त आहेत.

दादाच्या लग्नाची डीव्हीडी वेगळी भानगड. डीव्हीडीत एक सलग फाइल नसते, एक-एक जीबीचे तुकडे असतात व्हीओबी नावाचे, ते सुटे सुटे कन्व्हर्ट केले तर मंगलाष्टकं चालू असतानाच फाइल संपते आणि "सावधान" पुढच्या फाइलमध्ये. म्हणून सगळं फोल्डर एकदम उघडायचं, मग सलग निघतं. शिवाय त्या काळच्या कॅमेऱ्यात एका चित्राच्या एकाआड एक ओळी आधी आणि राहिलेल्या नंतर टिपल्या जायच्या, जुन्या टीव्हीला ते बरोबर जुळायचं पण आताच्या स्क्रीनवर कुणी हललं की कडेला आडव्या रेघा दिसतात. हळदीला काकू नाचतायत तिथे तर नुसत्या रेघाच रेघा होत्या. त्याला डीइंटरलेस करावं लागतं, म्हणजे त्या ओळी जुळवून एक सलग चित्र करायचं, ते केलंय, आता काकूंचे हात नीट दिसतात. काकूंना सांगू नका मी काय बघत बसले होते.

आई, आता आजीचं. तुझ्या त्या जुन्या फोनच्या मेमरी कार्डात थ्रीजीपी फाइली होत्या, चित्र काडेपेटीएवढं, १७६ गुणिले १४४. त्यात चित्रापेक्षा आवाजाची गंमत आहे. त्या फोनमध्ये रेकॉर्डिंगला जी आवाजाची पद्धत वापरायचे, एएमआर, ती मुळात फोनवर बोलण्यासाठी केलेली, माणसाचा आवाज तेवढा धरायचा बाकी सोडून द्यायचं अशी. त्यामुळे गणपती विसर्जनाच्या व्हिडिओत ढोल-ताशा म्हणजे नुसता पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा गोंगाट आणि झांजा तर ऐकूच येत नाहीत, पण त्याच गोंगाटात आजी तुला म्हणते, "अगं त्या पोराला आवर, गटारात जाईल," ते लख्ख ऐकू येतं. पोर म्हणजे दादा नव्हे, शेजारचा. तुमच्या टीव्हीला चित्र समजायचं पण हा आवाज नाही, म्हणून मागे लावलं तेव्हा ते मुकं लागलं होतं आणि तू म्हणालीस आवाज उडाला. उडाला नव्हता. आता आवाज बदलून एएसी केलाय, ही पद्धत टीव्हीला कळते, मोठ्या आवाजात लाव.

आता एक गोष्ट ज्यावरून बाबा माझ्यावर चिडणार आहेत. तुम्ही यूट्यूबवर बघितलंत की जुने व्हिडिओ एआयने एकदम चकाचक करून मिळतात, मग तसं का नाही केलं. केलं होतं बाबा. आजोबांचा औक्षणाचा एक तुकडा टाकून बघितला, आणि चित्र खरंच चकाचक आलं, शालीचा काठ काय, निरांजनाची ज्योत काय. पण चेहरा आजोबांचा नव्हता. म्हणजे होता पण कुणा दुसऱ्याच गोऱ्यागोमट्या म्हाताऱ्याचा, दात सगळे जागेवर, गालाचा तो खड्डा गायब, आणि आजीला तर चक्क वेगळे डोळे. त्याचं कारण साधं आहे, त्या एक लाख ठिपक्यात आजोबांच्या चेहऱ्याच्या वाट्याला किती येणार, मूठभर, त्यात जे नाहीच ते मशीन मनाने भरतं, आणि त्याने आपले आजोबा कुठे बघितलेत. मला ते बघून बरं नाही वाटलं आणि मी ते डिलीट केलं. तेव्हा जसं होतं तसंच ठेवलंय, चित्र मोठं सुद्धा केलेलं नाही, टीव्ही आपला आपण मोठं करतो. थोडं धुरकट दिसेल. जरा लांब बसून बघा, खरंच फरक पडतो.

आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील त्या बरोबर आहेत! जुनं चित्र ४:३ होतं, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन, आताच्या टीव्हीपेक्षा अरुंद. बाबा, "स्क्रीन वाया जाते" म्हणून रिमोटचं ते बटण दाबून ताणू नका, मग सगळे जाडे दिसतात आणि मावशी परत रुसते.

पेनड्राइव्ह टीव्हीच्या मागे नाही, बाजूला जे यूएसबीचं भोक आहे तिथे लावा. फाइलींची नावं इंग्रजी अक्षरात आहेत आणि पुढे वर्ष घातलंय म्हणजे आपोआप ओळीने लागतील. कुठलीही फाइल ४ जीबीच्या वर जाऊ दिली नाहीये कारण पेनड्राइव्ह ज्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलाय त्यात त्याहून मोठी फाइल बसत नाही आणि तुमच्या टीव्हीला तीच पद्धत नीट कळते. हा पेनड्राइव्ह फक्त बघायला आहे, त्यावर दुसरं काही भरू नका, भजनं तर अजिबात नाहीत.

आई, मावशीला लग्नाचा तुकडा पाठवशील तेव्हा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून नको, ती पिन दाबून डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर ते परत दाबून लहान करतात आणि आधीच पाणी घातलेल्या ताकात अजून पाणी. आणि बाबा, फोनवर ते "फ्री ऑनलाइन कन्व्हर्टर" उघडू नका, आपल्या घरचा व्हिडिओ कुठल्या कुणाच्या कॉम्प्युटरवर चढवायचा कशाला, आणि तिथली हिरवी डाउनलोडची बटणं निम्मी जाहिरातीच असतात.

मूळ सीड्या मी परत आणणार आहे, टाकायच्या नाहीत. प्रत्येक वेळी कन्व्हर्ट करताना थोडं थोडं चित्र झिजतंच, त्यामुळे उद्या अजून नवीन काही आलं तर परत मुळापासून काढता आलं पाहिजे. सीडीवरून निघालेल्या डॅट फाइली पण तशाच वेगळ्या ठेवल्यात, एक सेट माझ्याकडे, एक दादाकडे नाशिकला. २०१९ च्या पुरात खालच्या कपाटातले अल्बम कसे चिखलात गेले ते आठवतंय ना, या सीड्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. सगळं एकाच घरात नको, ते पण कृष्णेच्या इतक्या जवळ.

राहिली आत्याच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट. तिला कन्व्हर्ट करायला आधी व्हीसीआर, म्हणजे ती कॅसेट चालवायचं मशीन, पाहिजे आणि नवीन व्हीसीआर कुणी बनवतच नाही, जपानची फुनाई शेवटची होती, त्यांनी पण जुलै २०१६ ला बंद केले. मी इथे सेकंडहँड बघतेय. तोवर कुणाच्या पडीक व्हीसीआरमध्ये ती घालून बघू नका बाबा, टेपवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसतायत, अडकली तर तुटेल. आडवी न ठेवता पुस्तकासारखी उभी ठेवा, लोखंडी कपाटावरच्या त्या मोठ्या स्पीकरपासून लांब.

आणि तुम्हा दोघांना एक काम आहे. सहस्रचंद्रदर्शनात निम्मी माणसं मला ओळखू येत नाहीत. बघताना वही घेऊन बसा आणि कितव्या मिनिटाला कोण ते लिहा. पंगतीत राखाडी सफारीतला एक गृहस्थ आहे, तो वाढप्यांना ओरडतोय, आजोबांच्या मागे उभा आहे, नंतर मावशीच्या लग्नात पण सगळ्या फोटोत मधोमध आहे. आईला विचारलं तर ती म्हणते तुझ्या बाबांच्या बाजूचा, दादा म्हणतो बाबा म्हणाले आईच्या बाजूचा. एकदाचं ठरवा आणि मला कळवा. कुरियरवाला ओटीपी मागेल, तो आईच्या फोनवर येईल.

तुमची,
छोटी