पुरुषांचा कोरस आणि पाहुणी रॉक गायिका: मित्रास पत्र

सिॲटल,
डिसेंबर

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

शेदीडशे पुरुषांनी एकमेकांत आवाज मिसळून गायचे आणि त्यांच्यापुढे एखाद्या रॉक गायिकेला उभे करायचे, यात गाण्याचा काही विचार असतो की केवळ तिकिटे खपवण्याची युक्ती असते, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. काल बेनारोया हॉलमध्ये सिॲटल मेन्स कोरसची नाताळ मैफल ऐकून आलो. तिकिटे खपतात हे खरेच. पण उत्तर तेवढ्यावर संपत नाही.

हा कोरस 1979 साली सुरू झाला. समलिंगी पुरुषांनी उघडपणे एकत्र येऊन गाण्याचा असा उपक्रम त्याच्या आदल्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत उभा राहिला होता, आणि तिथल्या कोरसचे पहिले जाहीर गायन एखाद्या सभागृहात नव्हे, तर तिथले उघडपणे समलिंगी असलेले नगरसेवक हार्वी मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांची हत्या झाली त्या 27 नोव्हेंबर 1978 च्या रात्री, सिटी हॉलच्या पायऱ्यांवर, शोक करायला जमलेल्या लोकांपुढे झाले. पुढे एड्सच्या साथीत त्या कोरसचे तीनशेहून अधिक गायक गेले. पुरुषांच्या कोरसमध्ये वरच्या पट्टीपासून खर्जापर्यंत पहिले टेनर, दुसरे टेनर, बॅरिटोन आणि बास असे चार विभाग असतात. सॅन फ्रान्सिस्कोचे गायक आपल्या दिवंगत साथीदारांना ‘पाचवा विभाग’ म्हणतात. अमेरिकेत नाताळ हा घरी जाण्याचा सण, आणि ज्यांच्या घराने व चर्चने त्यांना दारे लावून घेतली, अशांनी लहानपणी त्याच चर्चमध्ये पाठ केलेली गाणी पुन्हा हक्काने म्हणायची, हे या मैफलींचे मूळ आहे. त्यामुळे तिथे केवळ गोड गोड गायिलेले मला तरी पुरत नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. कोरसमधल्या गायकाने शेजाऱ्याच्या आवाजात आपला आवाज विरघळवायचा असतो. स्वरोच्चार सर्वांचे सारखे, आणि लांब स्वर तुटू नये म्हणून श्वासही पाळीपाळीने घ्यायचा. उलट रॉक गायिकेची सगळी कमाई तिच्या वेगळेपणात असते: ती खरखर, शब्द ठेक्याच्या किंचित मागे टाकणे, खालून सरकत स्वरावर येणे. तुझ्या भजनात बुवांनी घेतलेली ओळ टाळकरी उचलून धरतात, तशी सोय इथे नाही, कारण तिची ती लकब शंभर जणांनी उचलली तर गोंधळच व्हायचा. शिवाय पुरुषांचे चारही आवाज जवळजवळच्या पट्ट्यांत वावरतात, आणि खर्जाकडे स्वर दाटीने बसले की शब्द गढूळ होतात.

पहिल्या दोन गाण्यांत नेमके तेच झाले. ड्रम्स, बेस गिटार आणि मागे नुसते ‘ऊ’ नि ‘आ’ करणारे ते सगळे पुरुष. मला त्यांची कीवच आली. या सभागृहाखालून आगगाडीचा बोगदा जातो आणि तिचा हादरा पोहोचू नये म्हणून प्रेक्षागृह रबरी गाद्यांवर तोललेले आहे. गाडीचा बंदोबस्त झाला, पण आतल्या ड्रम्सचे काय करायचे? विनामाइक वाजणाऱ्या वाद्यवृंदासाठी घडवलेल्या त्या वास्तूत ठोका विरायच्या आत दुसरा येऊन आदळत होता.

मग वादक आत गेले आणि एकच गिटार उरली. ‘सायलेंट नाइट’ हे गाणे 1818 च्या नाताळच्या आदल्या रात्री, ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये पहिल्यांदा गायिले गेले ते गिटारच्या साथीवरच. तेव्हा रॉक गायिकेने ते गिटारवर म्हणणे म्हणजे परंपरा मोडणे नव्हे, हे मी शेजारच्या गृहस्थांना सांगणार होतो, पण पत्नीने हात दाबला. गायिकेने ते आपल्या अगदी खालच्या पट्टीत धरले, आणि टेनरमंडळी हलक्या फॉल्सेटोत, म्हणजे पुरुषाच्या नेहमीच्या आवाजापलीकडच्या त्या बारीक, उंच आवाजात, तिच्या वर गेली. म्हणजे बाईचा आवाज खाली आणि पुरुषांचे वर. मधली जागा मोकळी झाल्यामुळे प्रत्येक शब्द कळला. तिच्या गळ्यातली खरखर कोरसने पुसली नाही आणि तिची नक्कलही केली नाही. तिला हवा तेवढा वेळ घेऊ देत खालचे बास स्वर तेवढे न हलता धरून ठेवले. त्या गाण्यात मला तिचे तिथे असणे पटले, कारण या गाण्यांवर चढलेली साय तिच्या आवाजाने मोडली. दुसऱ्या कोणत्या तयार, गुळगुळीत गळ्याने ते साधले असते असे मला वाटत नाही.

मुंबईतही रेनबो व्हॉइसेस हा असा गायकवृंद आहे. त्यांचा कार्यक्रम कुठे लागला तर वहिनींना घेऊन अवश्य जा, खालच्या आवाजांकडे कान ठेवून ऐक, आणि मुख्य गायकाला ते जागा कशी करून देतात ते मला सविस्तर लिही.

तुझा,
श्रीनिवास