नीडल्सच्या काका-काकूंना, आमच्या छतात वाट चुकलेल्या वाऱ्याबद्दल

ती. स्व. काका आणि काकू,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्या रात्री काका-काकू म्हणण्यावरच भागलं, आणि सकाळी आम्ही उठलो तेव्हा तुमची जागा रिकामी होती. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय. कोणीतरी ओळखीचं वाचेल आणि तुम्हाला दाखवेल.

खूण सांगतो. जूनचा शेवटचा आठवडा, कॅलिफोर्नियातलं नीडल्स, कोलोरॅडो नदीजवळचं कॅम्पग्राउंड. लॉस एंजेलिसहून ग्रँड कॅनियनला निघालेलं आमचं २८ फुटी सेकंडहँड मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, आणि त्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेली माझी आई. बाहेर ११२ फॅरनहाइट, म्हणजे ४४ सेल्सिअसच्या वर. आई चंद्रपूरची, तिला उन्हाचं कौतुक कोणी सांगू नये. पण आतून उठून ती बाहेर येऊन बसली आणि मोठ्यांदा म्हणाली, "अरे, तुझ्या एसीपेक्षा इथंच बरं वाटतंय!" ते ऐकून तुम्ही रस्त्यात थांबलात. "कुठलं म्हणायचं पाव्हणं?"

मी तेव्हा छताकडे बघत मनातल्या मनात शिव्या घालत होतो. एसीची थंड करायची ताकद १५,००० बीटीयू, आवाज विमानासारखा, आणि आत ९० अंश. मागची बेडरूम तर भट्टी. महिनाभरापूर्वी एका दुकानातल्या मेकॅनिकने वरवर पाहून 'युनिटच बदला' असा निकाल दिला होता. माझं आपलं देशी निदान: गॅस संपला असणार. तुम्ही हसलात. छतावरच्या बहुतेक एसींचा गॅस कारखान्यातच कायमचा बंद केलेला असतो, भरायला तोंडच ठेवलेलं नसतं, हे मला इतक्या दिवसांत कोणी सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही काकूंचा दही लावायचा थर्मामीटर मागवलात. एसी जिथून हवा ओढतो तिथे ९०. युनिटच्या अगदी जवळच्या जाळीशी ७१. बेडरूमच्या शेवटच्या जाळीशी ८१. साधारण १६ ते २२ अंशांचा फरक पडत असेल तर मशीन ठणठणीत, असा तुमचा हिशेब. इथे तर १९चा पडत होता, फक्त बेडरूमपर्यंत जाताना त्यातले निम्म्याहून जास्त कुठेतरी सांडत होते. "मशीनला काय बी झालं न्हाई. वारं वाट चुकलंय."

छताची झाकणी काढायच्या आधी तुम्ही दोनदा विचारलंत, "ब्रेकर पाडलास?" मला तेव्हा थोडा राग आला होता. एसीतल्या कपॅसिटर नावाच्या भागात वीज बंद केल्यावरही चार्ज साठून राहतो, हे तुम्ही नंतर सांगितलंत तेव्हा गेला.

आत १४ इंची चौकोनी भोक, त्यात उभा पत्र्याचा पडदा. पडद्याच्या एका बाजूने गरम हवा वर जायची, दुसऱ्या बाजूने थंड हवा खाली येऊन छतातल्या डक्टमध्ये शिरायची. डक्ट कसली, छताच्या थर्माकोलमध्ये कोरलेली पन्हळच ती. कडांना साबुदाण्यासारखे दाणे चिकटले होते. पडद्याची टेप वाळून लोंबत होती. तुम्ही ब्रेकर पुन्हा चढवून नुसता पंखा मंद चालू केलात आणि काकूंनी उदबत्ती धरली. पडद्याच्या फटीशी येताच धूर वळून थेट ओढणाऱ्या बाजूला गेला. गार झालेली हवा बेडरूम न बघताच परत एसीच्या पोटात! डक्टच्या तोंडाशी तर धूर डक्ट सोडून शेजारच्या भगदाडातून छताच्या पोकळीत शिरत होता. तेवढ्यात स्मोक अलार्म बोंबलला आणि आई "आता आरती कसली?" म्हणत आत डोकावली.

मी माझी डक्ट टेप काढली. तुम्ही ती हातातही घेतली नाहीत. नाव डक्ट टेप, पण उष्णतेने तिचा गोंद वाळतो आणि ती डक्टवरच टिकत नाही. ही गंमत मी आता भेटेल त्याला सांगतो. ॲल्युमिनियम फॉइलची टेप तुमच्याकडे होती. ब्रेकर पुन्हा पाडला आणि माझा पंजा आत मावेना म्हणून काम काकूंकडे आलं. काकू, तुम्ही आधी अल्कोहोलच्या फडक्याने सगळी धूळ पुसलीत, मग टेपचा मागचा कागद थोडा थोडा सोलत पट्टी बसवलीत आणि चमच्याच्या पाठीने घासत गेलात, सुरकुती राहू नये म्हणून. बांगड्या पत्र्यावर वाजत होत्या. तासभर मान वर करून. माझी फक्त टॉर्च धरून मान दुखली.

बेडरूमकडे जास्त हवा जावी म्हणून मी पुढच्या तीन जाळ्या बंद करून ठेवल्या होत्या. त्याही तुम्ही उघडायला लावल्यात, कारण तोंडं दाबली की आतला दाब वाढतो आणि फटीतून गळती उलट वाढते. आमचं कनेक्शन ३० ॲम्पचं, म्हणजे ३,६०० वॅट, तेव्हा एसी, गीझर आणि मायक्रोवेव्ह एकाच वेळी नाहीत, ही तंबीही मिळाली. बाबांना मात्र 'कूलर का नाही लावत?' हेच पडलं होतं. नीडल्सच्या कोरड्या हवेत कूलर चालेलच, असं तुम्ही म्हणालात तेव्हा ते जे फुलले, ते अजून उतरलेले नाहीत. ह्यूस्टनच्या दमट हवेत तुम्ही ३० वर्षं एसीची कामं केलीत, तिथे कूलर निरुपयोगी आणि अशीच गळती असली की कॉइलवर बर्फ धरतो, हा भाग ते सोयीस्कर विसरतात.

पहिला तासभर काहीच फरक जाणवला नाही. भिंतीच तापलेल्या होत्या. रात्री दहाला आत ७८ आणि बेडरूमच्या जाळीशी ६१. आईने चादर मागितली.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. आईची जवसाची चटणी घेतलीत, तेवढंच. उरलेली टेप आमच्याकडेच टाकून गेलात. ऑगस्टमध्ये मी मागच्या दोन तोंडांशी असलेल्या फटी तिनेच बंद केल्या. सुरकुत्या पडल्यात, काकू, पण धूर आता सरळ जातो.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्याच कॅम्पग्राउंडवर आहोत. तुमचा चमचा आमच्या ड्रॉवरमध्ये राहिलाय.

तुमचा,
टॉर्च धरणारा