सुई न उचलणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

रेकॉर्ड प्लेअर घरी आल्यापासून आमच्याकडे संध्याकाळी टीव्ही लागलेला नाही. दुरुस्तीचे पैसे मी चुकते केले, पण तेवढ्याने देणं फिटलं असं वाटत नाही, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुमच्यासारखी माणसं अजून आपल्या आसपास आहेत हे चार जणांना कळलं पाहिजे. नाव-पत्ता मात्र देत नाही. ‘गर्दी नको, हातातलं काम नीट होऊ दे’ असं तुम्ही म्हणाला होतात.

तुमच्या आधी ज्यांच्याकडे हा प्लेअर गेला, त्यांची आठवण आली की अजून डोकं तापतं. एकाने झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, ‘हे आता कोण ऐकतं? भंगारात द्या आणि ब्लूटूथ स्पीकर घ्या.’ दुसऱ्याने ठेवून घेतला, ‘उद्या या, परवा या’ करत झुलवलं आणि थाळी फिरवणारा बेल्ट भलत्याच मापाचा घालून परत दिला. माझ्या बीटल्सच्या रेकॉर्डवरची गाणी संथ, आवाज जड, जॉर्ज हॅरिसनची गिटार सुरातून खाली उतरलेली. तक्रार केली तर म्हणाला, तुमची रेकॉर्डच खराब आहे. पुरावा काय, तर पहिली बाजू मध्येच तुटते!

जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो या चौघा इंग्रजांच्या बीटल्स बँडच्या ‘अ‍ॅबी रोड’ची पहिली बाजू 1969 पासून जगभर तिथेच तुटते. ‘आय वाँट यू’ हे जवळपास आठ मिनिटांचं गाणं. शेवटी गिटारचा तोच तो फेरा पुन्हा पुन्हा येतो, मूग सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा घोंगावणारा आवाज त्याच्यावर चढत जातो, आणि जॉन लेननने रेकॉर्डिंग इंजिनीअर जेफ एमरिकला सांगितलं, इथेच काप. टेप कापली गेली. शेवटचा सूर नाही, हळूहळू विरत जाणं नाही. हे ज्याला माहीत नाही त्याच्यावर माझा राग नाही. पण माहीत नसताना दुसऱ्याची वस्तू खराब ठरवायची, आणि वर तबकडीवर पाची बोटांचे ठसे उमटवून हातात द्यायची, याचा राग आहे आणि तो राहणार.

तुम्ही आधी हात धुतलेत. पंच्याने कोरडे केलेत, मग दोन्ही तळव्यांमध्ये कडेने धरून रेकॉर्ड पाकिटातून काढलीत. ती माझ्या मामांची. मामा बोटीवर नोकरीला होते, 1970 साली लंडनहून त्यांनी ती आणली. मी हे काही बोललो नव्हतो, तरी तुम्ही ती तशी धरलीत. नवा बेल्ट चढवल्यावर वेग तपासायची रेषांची ती चकती फिरत्या थाळीवर ठेवलीत, चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली प्लेअर सरकवलात आणि मोटरच्या पोटातला बारीक स्क्रू अगदी हलक्या हाताने फिरवत बसलात. रेषा आधी मागे पळत होत्या, मग रेंगाळल्या, मग जागच्या जागी उभ्या राहिल्या. मिनिटाला 33⅓ फेरे. ‘आता ऐका’ म्हणालात आणि दुसरी बाजू लावलीत.

‘हिअर कम्स द सन’ सुरू झालं तेव्हाच मला कळलं होतं की प्लेअर दुरुस्त झालाय. तुम्हालाही कळलं असणार. गिऱ्हाईक खूश, सुई उचलायची, बिल करायचं. कोणीही तेच केलं असतं. तुम्ही स्टूल ओढून बसलात. ‘बिकॉज’मधले ते एकावर एक चढवलेले तिघांचे नऊ आवाज, मग एकमेकांत मिसळत जाणारी ती छोटी छोटी गाणी, रिंगोने बीटल्सच्या रेकॉर्डवर वाजवलेला एकमेव ड्रम सोलो, त्यानंतर पॉल, जॉर्ज आणि जॉन यांनी आळीपाळीने गिटारवर दिलेली ती उत्तरं-प्रत्युत्तरं. ‘द एंड’ संपलं. शांतता. पाकिटाच्या मागच्या बाजूला याच्या पुढे काही छापलेलंच नाही. आधीच्या माणसाने इथेच सुई उचलून ‘संपली’ म्हटलं होतं. तुम्ही नुसता तळहात वर केलात. ‘थांबा, आहे अजून.’

14 सेकंद काही वाजत नाही. मग धाडकन एक मोठा सूर, आणि पॉल एकटा, गिटार घेऊन, राणीवरचं ते 23 सेकंदांचं गाणं. ते शेवटच्या सुराआधीच तुटलं. मग तुम्ही सुई उचललीत.

काका, त्या 14 सेकंदांसाठी मी हे सगळं लिहितोय. राणीवरचं हे ‘हर मॅजेस्टी’ गाणं आधी त्या छोट्या गाण्यांच्या मालिकेच्या मध्ये होतं, ‘मीन मिस्टर मस्टर्ड’ आणि ‘पॉलिथीन पॅम’ यांच्यामध्ये. पॉलला ते तिथे आवडेना. काढून फेकून दे, असं त्याने जॉन कर्लँडर या स्टुडिओतल्या टेप सांभाळणाऱ्या पोऱ्याला सांगितलं. पण बीटल्सचं काहीही फेकायचं नाही, अशी तिथली शिस्त. कर्लँडरने जमिनीवर पडलेला तो तुकडा उचलला आणि कोरी टेप मध्ये घालून अख्ख्या मालिकेच्या शेवटाला चिकटवून ठेवला. सुरुवातीचा तो दणका म्हणजे आधीच्या गाण्याचा शेवटचा सूर, आणि याचा स्वतःचा शेवटचा सूर पुढच्या गाण्याच्या तोंडाशी राहून गेला. नमुन्याची तबकडी कापली गेली तेव्हा तो तुकडाही त्यात आला. पॉलने ऐकलं, त्याला ते आवडलं आणि तसंच ठेवलं. एका मुलाने हुद्दा नसताना, कोणी शाबासकी देणार नसताना, दुसऱ्याची चीज जपून ठेवली. तुमच्या दुकानात बसून मला त्याचीच आठवण झाली.

या रेकॉर्डच्या पाकिटावरचा, झेब्रा क्रॉसिंगवरून चाललेल्या त्या चौघांचा फोटो आज टीशर्टांवर, कपांवर, सगळीकडे दिसतो. तो 8 ऑगस्ट 1969 चा. त्यानंतर अवघ्या 12 दिवसांनी, 20 ऑगस्टला, हे चौघं स्टुडिओत शेवटचे एकत्र होते. आपसांत इतकं बिनसलेलं असताना त्यांनी आपले जुने निर्माते जॉर्ज मार्टिन यांना पुन्हा बोलावलं, ‘पूर्वीसारखं काम करायचं असेल तरच येतो’ ही त्यांची अट मान्य केली आणि हे असं काम करून ठेवलं. याच जॉर्ज मार्टिननी 1962 मध्ये त्यांना रेकॉर्डिंगसाठी घेतलं होतं. डेका या रेकॉर्ड कंपनीने त्याच वर्षी 1 जानेवारीला ऑडिशन घेऊन नकार कळवला होता. झाकण न उघडता भंगार म्हणणारे तेव्हाही होते. आणि पुढच्या माणसाचं शेवटपर्यंत ऐकून घेणारे थोडेच, तेव्हाही आणि आत्ताही. अशा थोड्यांच्या जिवावरच संगीत टिकतं, दुकानं टिकतात, माणसाचा माणसावरचा विश्वासही.

काम करता करता तुम्ही सहज म्हणालात, ‘यांच्या लेडी मॅडोनाच्या मागच्या बाजूला आपली मुंबई आहे.’ किती प्रेमाने म्हणालात! जानेवारी 1968 मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आला, आपल्या वादकांना घेऊन बसला आणि तिथे झालेलं ‘द इनर लाइट’चं वाद्यसंगीत दोन महिन्यांनी त्या तबकडीवरून जगभर पोचलं. त्यातली बासरी पंडित हरिप्रसाद चौरसियांची. बीटल्सच्या सिंगलवर, म्हणजे दोन गाण्यांच्या छोट्या तबकडीवर, आलेलं जॉर्जचं ते पहिलं गाणं. रॉकच्या इतिहासातलं हे आपलं पान मला पुस्तकातून कळलं होतं. हातात पकड-पेचकस घेतलेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना ऊर भरून आला.

रविवारी मामांना घरी आणलं. आता त्यांना जिने जमत नाहीत, ऐकूही थोडं कमी येतं. दोन्ही बाजू त्यांनी स्पीकरला खुर्ची लावून ऐकल्या आणि ‘द एंड’ झाल्यावर माझ्या बायकोला म्हणाले, उठू नकोस अजून. मग तुमची चौकशी केली. कोण आहेत, वय काय, चहा घेतात का. त्यांच्या पेटीत आणखी रेकॉर्ड्स आहेत, त्यात ‘लेडी मॅडोना’ची मिनिटाला 45 फेऱ्यांची छोटी तबकडीही निघाली. तिचा मधला भाग निघालेला आहे, त्यामुळे ती माझ्या प्लेअरवर नीट बसत नाही. गणपती झाले की घेऊन येतो. मधे बसवायचा अडॅप्टर तुमच्याकडे असेल तर तेवढा बाजूला काढून ठेवा. मामांनाही बरोबर आणतो. तुमचं दुकान तळमजल्यावर आहे हे ऐकून ते आत्तापासूनच तयार आहेत.

आपला ऋणी,
‘अ‍ॅबी रोड’वाला गिऱ्हाईक